उकळून धातू जात नाहीत

एका ताईंनी विचारलंय की, तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून चांगल्या उकळल्या की त्यातले शिसं-कॅडमियम हे विषारी धातू निघून जातात का? नाही हो ताई. मिठाच्या पाण्यात वाळू सुटते, उकळल्याने जंतू मरतात. पण धातू काही जळत नाही की विरत नाही. तिसरी, कालव, खुबे कल्ल्यांतून पाणी गाळूनच जगतात, एकेक कालव दिवसाला कित्येक लिटर. त्या पाण्यातला धातू त्यांच्या मांसात प्रथिनांना चिकटून बसतो. आपल्या मूत्रपिंडात शिरलेलं कॅडमियमही दहा-दहा, वीस-वीस वर्षं हलत नाही. युरोपात शिंपल्यांच्या मांसात किलोमागे १ मिलिग्रॅम कॅडमियम ही मर्यादा आहे, एवढ्याशालाही तिथे जपतात, यावरून अंदाज घ्या.

आम्हा कोल्हापूरकरांकडे हा माल घाट चढून येतो. विकणाऱ्या मावशींना मी आता हमखास विचारते, कुठल्या खाडीचा? कारखान्याच्या किंवा बंदराच्या तोंडची असेल तर नकोच. खेकड्याच्या कवचाखालचा तपकिरी गर मी मुलांना देत नाही, कॅडमियम तिथेच जास्त साठतं. आमच्याकडे तोच चवीचा म्हणून आधी संपायचा!

पाऱ्याचं मात्र उलटं आहे. तो तिसऱ्यांत कमी आणि मोरी (शार्क), मोठी सुरमई अशा शिकारी माशांत जास्त. घरात कुणी गरोदर असेल तर आधी या माशांबाबत काळजी घ्या. तिसऱ्या पूर्ण बंद करू नका, त्यात जस्त आणि लोह भरपूर असतं. महिन्यातून एक-दोनदा, खाडी बदलून घ्या.