मदत हवी आहे: शेडमध्ये उभ्या गाडीची वायर उंदरांनी तिसऱ्यांदा तोडली (सावईवेरे, फोंडा)

कुळागरकडेची

नमस्कार मंडळी,

जून लागल्यापासून उंदरांनी आमच्या गाडीची वायर तिसऱ्यांदा तोडली. खर्च सोसेल एक वेळ, पण गाडी ऐन वेळेला दगा देते याची आता धास्ती बसली आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. तो बोटीवर असतो, आठ-आठ महिने घरी नसतो. पेट्रोल हॅचबॅक आहे, सहा वर्षांची. मी शाळेला बसने जाते, त्यामुळे गाडी निघते ती आठवड्यातून एखाद-दोन वेळा, बाबांना बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) तपासणीला न्यायचं असतं तेव्हा. बाबांचं हृदयाचं औषधपाणी तिथेच चालू आहे. मागच्या मंगळवारी सकाळी सहाला त्यांना गाडीत बसवलं, चावी फिरवली, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. डॅशबोर्डावर पिवळा दिवा. पाऊस कोसळत होता. शेवटी शेजाऱ्यांची रिक्षा मिळाली, पण बाबा भिजले आणि वाटभर एक शब्दही बोलले नाहीत.

परत आल्यावर बॉनेट उघडलं. बॅटरीच्या झाकणावर सुपारीचं अर्धं सोललेलं फळ, शेजारी गोगलगाईची दोन रिकामी शंखं. इंजिनाच्या मागच्या बाजूला, काचेखाली जो खळगा असतो तिथे घरटं होतं: सोडणाचा (नारळाच्या सालाचा) काथ्या, बॉनेटच्या आतल्या फेल्टचे करडे तुकडे, आणि माझ्या शाळेच्या पेपरांतला एक कपटा, त्यावर माझ्याच लाल शाईची बरोबरची खूण. पिल्लं नव्हती. इंजेक्टरकडे (इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या भागाकडे) जाणारी वायर बोटभर लांब सोललेली, तांबं चकचकीत उघडं, आणि आवरणावर दातांच्या जोड-जोड खुणा.

गाडी उभी असते ती जागा अशी. पत्र्याची शेड, एका बाजूला चिऱ्याची भिंत. भिंतीला लागून न्हाणीच्या चुलीसाठी पावसाची बेगमी केलेली लाकडं आणि सोडणं. मागे कुळागर, म्हणजे माड, पोफळी, केळी, मिरीचे वेल. शेडच्या पत्र्यावर माडाच्या झावळ्या टेकतात. घरात पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं, सामानही भरलेलं आहे, पण ते डब्यांत बंद.

आतापर्यंत केलेले उपाय:

डांबरगोळ्या कापडात बांधून बॉनेटखाली ठेवल्या. चार दिवस बरे गेले. पण ब्लोअर लावला की तो वास गाडीत भरायचा आणि बाबांचं डोकं दुखायचं. तंबाखूची पानं ठेवली, ती बुरशीने काळी पडली. तिखट आणि लसणीचं पाणी फवारलं, तर इंजिन तापल्यावर असा ठसका उठला की काचा खाली करून बाबांना बाहेर काढावं लागलं. आवाजाचं एक छोटं यंत्र ऑनलाइन मागवलं. पहिला आठवडा फरक जाणवला, पुढे काही नाही.

पहिल्या वेळी ज्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेली, त्यांनी पूर्ण वायरिंग बदलावी लागेल म्हणून ३८ हजारांचा अंदाज दिला. मी गाडी परत आणली. फोंड्याच्या एका वायरमनने ती वायर जोडून दिली, २२०० घेतले. दुसऱ्या वेळी ९००. आता तिसरी वेळ.

विष घालायचं नाही, हे आधीच सांगते. घरात कुत्री आहे, दोन मांजरं आहेत. कुळागरात गव्हाणी घुबडाची जोडी आहे, मी लहान होते तेव्हापासून त्या बाजूने त्यांचा आवाज ऐकत आले आहे. मेलेला उंदीर त्यांच्या तोंडी लागावा असं मला मुळीच वाटत नाही.

विचारायचं ते एवढंच: गाडीला काय लावू, की जागेचं काही करू? आणि विमा यात काही देतो का?

---

वायरमन_डिचोली

ताई, बावीस वर्षं हेच काम करतो. पावसाच्या चार महिन्यांत माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत उंदराच्या गाड्या बऱ्याच असतात. पूर्ण हार्नेस (सगळी वायरिंग) बदलायची वेळ क्वचितच येते. पण वायर जोडताना नुसती पिळून टेप मारलेली चालत नाही. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा चिकटपणा जातो, दमटपणा आत शिरतो आणि तांब्याला हिरवी कीट चढते. झाळ मारून (सोल्डर करून) वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, आणि त्यावर फ्लेक्सिबल पाइप, एवढं करून घ्या. तुमच्या त्या जोडांवर काय आहे ते एकदा बघा.

वायरीपेक्षा मला काळजी रबरी पाइपांची. इंधनाचा पाइप कुरतडला गेला आणि तिथेच उघडी तार असली तर ठिणगी पडून गाडी पेटू शकते. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर चावीला हात लावू नका, मेकॅनिकला जागेवर बोलवा. चाकांजवळ एबीएस सेन्सरची वायर असते, तीही बघत जा. ती तुटली तर गाडी चालते, ब्रेकही लागतात, पण घसरड्या रस्त्यावर चाकं जाम होऊ नयेत म्हणून एबीएसची जी मदत असते ती मिळत नाही.

गाडी आठवडाभर हलणार नसेल तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. उंदीर येतील ते येतील, निदान शॉर्ट होणार नाही. घड्याळ परत लावावं लागेल तेवढंच.

---

माडकार_पेडणे

आमची बागायत आहे, म्हणून उंदराबद्दल चार गोष्टी सांगतो.

तुमच्याकडे घूस नाही. घूस जमिनीत बिळं करते, सहसा वर चढत नाही. बॉनेटखाली घरटं करणारा तो माडावरचा उंदीर: शेपूट अंगापेक्षा लांब, अंग सडपातळ, चढण्यात पटाईत. तोच आडसराला (कोवळ्या नारळाला) भोक पाडतो. लेंड्या बघा, अर्ध्या इंचाच्या आसपास आणि दोन्ही टोकांना निमुळत्या असतील तर खात्री झाली. दिवसाढवळ्या कुरतडल्याचं दिसलं तर मात्र चानीवर (खारीवर) लक्ष ठेवा, तीही वायर सोडत नाही.

त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात. कुरतडलं नाही तर तोंड मिटता येणार नाही इतके वाढतील. म्हणजे तो वायर खायला येत नाही, दात झिजवायला येतो. आणि येतो का? इंजिनाची ऊब, पाऊस नाही, अंधार, वरून घुबडाची भीती नाही. शेतात पाणी भरलं, बिळं बुडाली की सगळी जनावरं उंचावर सरकतात. तुमच्याकडे त्यांना उंचावर कोरडी लाकडं, काथ्या आणि शेजारी ऊबदार पेटी मिळाली.

माडावर आम्ही काय करतो ते बघा. जमिनीपासून दोन मीटरवर बुंध्याला ४० सेंटिमीटर रुंद पत्रा गुंडाळून खिळवतो. गुळगुळीत पत्र्यावर त्याची नखं टिकत नाहीत. पण शेजारच्या माडाची झावळी लागत असली तर तो पत्रा फुकट, कारण उंदीर वरच्या वर पलीकडे जातो. तुमच्या शेडवर टेकलेल्या झावळ्या म्हणजे त्यांचा रस्ताच आहे. आधी त्या तोडा. मग लाकडं आणि सोडणं भिंतीपासून काढून शेडबाहेर, जमिनीपासून हातभर उंच मांडणीवर ठेवा. तोवर गाडीला काही लावू नका, पैसे वाया जातील.

---

कुळागरकडेची

काका, झावळ्यांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. लेंड्या तुम्ही म्हणता तशाच निमुळत्या आहेत. मी त्या काल हाताने झाडल्या, बॉनेट कापडाने पुसलं. आता वाचून जरा भीती वाटते.

---

आरोग्यसेविका_म्हापसा

ताई, पुढच्या वेळी असं कोरडं झाडू नका. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो आणि आपल्याकडे पावसात त्याचे रुग्ण दर वर्षी निघतात. हाताला चीर, खरचटलेलं असेल तर जंतू तिथून शिरतात. आधी रबरी हातमोजे, तोंडाला मास्क. घाण जंतुनाशकाच्या पाण्याने चांगली भिजवायची, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग कागदाने उचलून पिशवीत बांधायचं. इंजिन थंड असताना, आणि विजेच्या जोडांवर पाणी ओतू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही वाटलं तर अंगावर काढू नका. आरोग्य केंद्रात जाऊन उंदरांची घाण साफ केली होती हे डॉक्टरना आपणहून सांगा.

साफ करणं गरजेचंही आहे. मुताचा वास राहिला की पुढचा उंदीर त्याच वाटेने येतो. तुमच्या तिसऱ्या वेळेचं एक कारण तेच असावं.

डांबरगोळ्या बंद केल्यात ते बरं झालं. हृदयाच्या रुग्णाला बंद गाडीत तो वास नकोच, आणि काही लहान मुलांच्या रक्ताला तर तो फार घातक ठरतो.

---

कागदपत्रवाला_मडगाव

विम्याचं थोडक्यात. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर पॉलिसीचे शब्द वाचा. काही कंपन्या उंदराचं नुकसान धरतात, काही वेगळं कलम घ्यायला लावतात. दुरुस्ती करण्याआधी फोटो काढून कंपनीला कळवायचं, सर्व्हेअर बघून गेल्यावरच गाडी उघडायची.

पण हिशेब करा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये तुमचे. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कलम) नसेल तर रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात. आणि एक दावा केला की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर येतो. भावाने पाच वर्षं दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांवर असेल. २२०० रुपयांसाठी तो घालवू नका. ३८ हजारांचं बिल आलं तर वेगळी गोष्ट.

---

वायरमन_डिचोली

दिवा आणि जाळी, या दोन उपायांबद्दल सांगायचं राहिलं. बॉनेट उघडून, बॅटरीवर चालणारा एखादा दिवा आत टांगून रात्र काढा. अंधार आणि आडोसा गेला की त्यांना ती जागा नकोशी होते. फुकटातला सगळ्यात चांगला उपाय हाच.

जाळी लावायची तर स्टेनलेस स्टीलची, पाव इंचाहून मोठं भोक नको. प्लास्टिकची एका रात्रीत जाते. ब्लोअरला हवा येते त्या तोंडावर आधी लावा. बेल्ट, पंखा आणि सायलेन्सरच्या गरम पाइपाजवळ काहीही बांधू नका, कापड तर मुळीच नाही. होंडा कंपनीची तिखटाचा अंश असलेली एक टेप मिळते, ती वायरीवर गुंडाळतात. मिळाली तर इंजेक्टरच्या वायरीला लावा, सगळीकडे नको.

---

कुळागरकडेची

उशिरा लिहिते आहे, चवथीच्या गडबडीत राहून गेलं. सगळ्यांचे मनापासून आभार. मला ताप वगैरे काही आला नाही.

पाडेलीला (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला) बोलावून शेडवर आलेल्या झावळ्या उतरवून घेतल्या आणि जवळच्या चार माडांना पत्रे मारले. लाकडं हलवताना भिंतीच्या मुळाशी आणखी एक घरटं निघालं, त्यात पाच पिल्लं होती. काय करावं कळेना. शेवटी सुपात काथ्यासकट उचलून कुळागराच्या पार टोकाला ठेवली. दुसऱ्या दिवशी सूप रिकामं होतं. आईने नेली की आणखी कोणी, माहीत नाही.

पिंजरे दोन आणले. पहिले चार दिवस न लावता, नुसती सुकी मासळी ठेवून उघडे ठेवले, कारण नव्या वस्तूला उंदीर बुजतात असं काकांनी फोनवर सांगितलं. पाचव्या रात्री दोन अडकले, पुढच्या आठवड्यात आणखी तीन. त्यानंतर नाही.

गाडी आता रोज संध्याकाळी काढते, देवळापर्यंत जाऊन येते. बाबा सोबत येतात. जोड सगळे झाळ मारून नव्याने करून घेतले, १६०० लागले. भावाला फोटो पाठवले, तर त्याने आधी बाबा कसे आहेत तेच विचारलं.

पाच आठवडे झाले, एकही वायर तुटलेली नाही. बॅटरीवर मी थोडी रांगोळी भुरभुरून ठेवते आणि सकाळी पावलं उमटली का बघते. गेल्या शनिवारी उमटली होती, बारीक चार बोटांची, एकाच बाजूने आलेली. वर पाहिलं तर शेजाऱ्यांच्या फणसाची एक फांदी पत्र्याला लागली आहे. त्यांना विचारलं, पाऊस ओसरला की तोडू म्हणाले. तोवर रात्रीचं बॉनेट उघडंच ठेवते.