'ही नीड नॉट कम': इथे 'नीड्स' का नाही?

प्रश्न (रामबाग, इंदूर): मुलीच्या इंग्रजी व्याकरणाच्या वहीत 'ही नीड नॉट कम' असं वाक्य आहे. कर्ता 'ही', मग 'नीड्स' नको का? तिनं 'ही नीड्स नॉट टू कम' असं लिहिलंय.

उत्तर: ताई, वहीतलं बरोबर आहे. 'नीड' दोन तऱ्हांनी चालतं. 'कॅन', 'मस्ट' यांच्या पंगतीत बसलं की 'एस' नाही, 'डू' नाही, पुढे 'टू'ही नाही: 'ही नीड नॉट कम'. साधं क्रियापद म्हणून आलं की सगळं लागतं: 'ही डझन्ट नीड टू कम'. दोन्ही शुद्ध. मुलीच्या वाक्यात या दोन्हींची भेसळ झालीय. पहिली तऱ्हा नकारात नि प्रश्नातच शोभते. 'ही नीड कम' होत नाही. 'हाउ डेअर ही' मधल्या 'डेअर'लाही म्हणूनच 'एस' नाही. 'ऑट'ला मात्र 'टू' हवंच.

खरा घोळ भूतकाळात होतो. 'स्टेशनवर जायची गरज नव्हती' एवढं म्हटलं, तर माणूस गेला होता की नाही ते कळत नाही. 'आय नीडन्ट हॅव गॉन' म्हणजे गेलो आणि हेलपाटा फुकट गेला. 'आय डिडन्ट नीड टू गो' म्हणजे गरज नव्हती, बस्स. हा फरक मुलीला नक्की समजावून द्या, फार कामाचा आहे.

प्रश्न: आणि 'यूज्ड टू'? आमच्याकडे सर्रास 'आय ॲम यूज्ड टू गो' म्हणतात.

उत्तर: ते सोडायलाच हवं. आपण 'आजोबा हुकुमचंद मिलमध्ये काम करायचे' म्हणतो ना, तो रीतिभूतकाळ म्हणजे 'यूज्ड टू वर्क'. मिल 1991 साली बंद पडली, आता ते काम नाही, हेही त्यात आलं. मागे 'ॲम' लावलं की अर्थ 'सवय आहे' असा होतो आणि पुढे 'आयएनजी' येतं: 'आय ॲम यूज्ड टू वॉकिंग टू राजवाडा'.

आजोबा रोज चालत जायचे, याला 'वुड वॉक'ही चालेल, कारण ती वारंवार होणारी कृती. पण 'इथे पूर्वी मिल होती' याला 'देअर यूज्ड टू बी अ मिल हिअर' हेच. स्थितीला 'वुड' लागत नाही.

तिसरा: नकार कसा लिहायचा?

उत्तर: 'डिडन्ट यूज टू'. भूतकाळ 'डिड'नं घेतला, म्हणून शेवटचा 'डी' जातो. उच्चारात तो ऐकूच येत नाही, त्यामुळे लिहिताना हमखास चुकून तसाच ठेवला जातो. जुन्या पुस्तकांत 'यूज्ड नॉट टू' भेटेल. तेही शुद्धच, आज फारसं कुणी बोलत नाही इतकंच.