ऑपरेशननंतर आईची शुगर उतरेना, काय चुकतंय?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी. आई ६६ वर्षांची, शुगर बारा वर्षांपासून. श्रावणात परसात शेवाळावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. बेळगावला नेऊन ऑपरेशन केलं, आत रॉड घातला. सातव्या दिवशी घरी सोडलं. आज पंधरावा दिवस.

मोडायच्या आधी मेटफॉर्मिनच्या गोळ्यांवर तिची उपाशीपोटी शुगर १३०-१४० असायची. दवाखान्यात गोळ्या बंद करून इन्सुलिन चालू केलं, घरी सोडताना सकाळी १६ आणि रात्री १० युनिट लिहून दिलं. पहिले तीन-चार दिवस बरे गेले, उपाशीपोटी १५०-१६०. त्यानंतर चढायला लागली ती चढतेच आहे. काल सकाळी २३८, जेवून दोन तासांनी ३१२. परवा एकदा ३४० आली तेव्हा माझेच हातपाय गार पडले.

खाणं म्हणाल तर सकाळी तांदळाची पेज, दुपारी भात-आमटी, रात्री मऊ भात. आत्या म्हणते आजाऱ्याला भाकरी जड पडते. भेटायला येणारा प्रत्येक जण कुंद्याचा डबा नाहीतर केळ्यांचा घड घेऊन येतो, आईला नाही म्हणता येत नाही. कुंदा मी उचलून ठेवतो, केळी मात्र ती खाते.

इंजेक्शन मीच देतो, एकही चुकवलेलं नाही. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, औषधं कशी घ्यायची तो कागद कन्नडात. मला कन्नड बोलता येतं, वाचताना अडखळतो. सोमवारी टाके बघायला बोलावलंय, तोवर थांबू का? डोस मीच दोन-चार युनिट वाढवला तर चालेल का? आणि आई रोज विचारते, "आता जन्मभर सुईच काय रे?" तिला काय सांगू?

काकतीकर

दादा, कारल्याचा रस आणि भिजवलेली मेथी चालू करा. आमच्या मामांची शुगर आठ दिवसांत जाग्यावर आली. इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही बघा.

जुनी सिस्टर (टिळकवाडी)

काकतीकर, मामांचं बरं झालं, आनंद आहे. पण ताज्या ऑपरेशनच्या माणसाला इन्सुलिनवर कारल्याचा रस पाजू नका. शुगर किती खाली जाईल याचा कुणालाच अंदाज नसतो.

मलप्रभाकाठ, पहिलं म्हणजे डोस स्वतःच्या मनानं वाढवू नका. का ते सांगते.

हाड मोडणं आणि ऑपरेशन हा शरीराला मोठा धक्का असतो. त्या धक्क्यात कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन असली संप्रेरकं वाढतात, यकृत साखर सोडत राहतं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. ज्यांना शुगर नाही त्यांचीही चार दिवस वाढते. म्हणून दवाखान्यात बहुतेक पेशंटना १४० ते १८० च्या दरम्यान धरायचा प्रयत्न असतो. सारखी १८०-२०० च्या वर राहिली तर जखम भरायला उशीर होतो आणि पू व्हायची भीती वाढते. पण हा धक्का दिवसागणिक ओसरायला हवा. तुमची आधी उतरली आणि मग चढली. म्हणजे मधे काहीतरी बदललं. ताप आहे का, जखमेतून पाणी येतं का, लघवीला जळजळ होते का, ते बघा. नळी घातलेली असेल तर लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि शुगर त्यानंही चढते. गुडघ्याला किंवा खांद्याला कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलंय का?

आता मुख्य प्रश्न. इन्सुलिन पेनमध्ये आहे की बाटलीत? बाटली असेल तर तिच्यावर आकडा काय लिहिलाय, ४० की १००? आणि सिरिंजचं टोपण कुठल्या रंगाचं आहे? आत्ता उठून बघा आणि लिहा.

३४० आली तेव्हा आईनं आधी केळं सोललं होतं का? बोटाला फळाचा रस असला की मशीन खोटी शुगर दाखवतं. साबणानं हात धुऊन, कोरडे करून मग टोचा.

मलप्रभाकाठ

सिस्टर, बाटली आहे, तिच्यावर ४० आययू (म्हणजे युनिट) प्रति मिली असं लिहिलंय. सिरिंजचं टोपण केशरी. दवाखान्यातून आणलेल्या लाल टोपणाच्या होत्या, त्या संपल्या. गावातल्या मेडिकलमधून नव्या आणल्या, त्यांनी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. तारीख बघितली. शुगर चढायला लागली त्याच दिवशी आणल्यात.

ताप नाही, जखम कोरडी आहे, लघवीचा त्रास नाही. स्टेरॉइड नाही. केळ्याचं मात्र खरं निघालं. आत्ता हात धुवायच्या आधी २९६ आणि धुऊन पुसून २४१.

जुनी सिस्टर (टिळकवाडी)

सापडलं. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या बाटलीसाठी, केशरी १०० साठी. केशरी सिरिंजवर १६ च्या रेघेपर्यंत भरलंत की ४० च्या बाटलीतून साधारण साडेसहा युनिटच जातं, आणि १० च्या रेघेला चार. आईला निम्म्याहून कमी इन्सुलिन मिळत होतं हो!

आता डोस वाढवू नका असं का म्हटलं ते कळलं ना. तुम्ही केशरीवर भरत भरत आकडा वाढवून ४० वर नेला असता आणि मग कुणीतरी लाल सिरिंज आणून त्याच आकड्यानं भरलं असतं, तर अडीचपट डोस जाऊन बाई अंथरुणात बेशुद्ध पडली असती. माझ्या नोकरीत मी असा पेशंट बघितलाय.

आजच दवाखान्यात फोन करा, सोमवारची वाट बघू नका. सिरिंजची गोष्ट सांगा, आजपासून किती युनिट द्यायचं ते त्यांच्याकडून ऐका आणि लिहून घ्या. पूर्ण डोस पुन्हा चालू झाला की पहिले दोन दिवस शुगर जास्त वेळा तपासा, रात्री झोपायच्या आधीही. घाम, थरथर, घाबरं वाटलं आणि मशीनवर ७० च्या खाली दिसलं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ गाडी काढा. शुगर ३०० च्या वर अडून राहिली, उलट्या झाल्या, धाप लागली, तरीही तेच.

एक विसरले. पावसाळ्यात तुमच्याकडे लाइट जाते. उघडलेली बाटली फ्रीजबाहेर थंड जागी महिनाभर टिकते, फक्त बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं समजायचं.

निपाणीवाला

पेजेबद्दल मी बोलतो, माझ्या हर्नियाच्या वेळी हीच चूक घरच्यांनी केली. पेज पातळ, म्हणून हलकी वाटते, पण घोटाघोटानं साखर पितोय असंच समजा. जखम भरायला प्रथिनं लागतात. मला डॉक्टरांनी अंडं, मुगाचं वरण, ताक सांगितलं होतं. अर्ध्या भाकरीचा कुस्करा आमटीत भिजवला की म्हाताऱ्या माणसालाही चावायला लागत नाही. उपाशी मात्र ठेवू नका, इन्सुलिन घेऊन जेवण टाळलं की शुगर दाणकन उतरते.

आणि आईंना सांगा, जन्मभर नाही. माझं इन्सुलिन दीड महिन्यात सुटलं, गोळ्यांवर परत आलो. प्रत्येकाचं होईलच असं नाही, ते डॉक्टर किडनीची तपासणी आणि आकडे बघून ठरवतील. पण सुरू झालं म्हणजे कायमचं, हे खोटं.

मलप्रभाकाठ

सर्वांचे आभार. फोन केला. डॉक्टरांनी लाल सिरिंज आणून १६ आणि १० च चालू ठेवायला सांगितलं, आकडे रोज कळवायला सांगितले. बेळगावला माणूस पाठवून लाल टोपणाचं पाकीट आणलं. काल उपाशीपोटी १८२, आज १६४.

केशरी सिरिंज सगळ्या मेडिकलवाल्याला परत देऊन आलो. त्यांच्या काउंटरवर बाटली ठेवून दाखवली, तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला. आईला सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे चार-पाच दिवस तू मला नुसतं टोचत होतास काय?" आता रोज सुई घेताना टोपण आधी तिलाच दाखवावं लागतं.