पडद्यावरच्या पात्रांनी पळायला लावले: आपापले अनुभव लिहावेत

पळणे का सुरू केले असे विचारले, की वजन, रक्तदाब, डॉक्टरांचा सल्ला अशी उत्तरे मिळतात. थोडे खोदून विचारले, तर पुष्कळदा चित्रपटातले एखादे पात्र निघते आणि ते सांगताना माणूस किंचित लाजतो. तो संकोच सोडून येथे लिहावे, ही विनंती. पात्र मात्र काल्पनिक असावे.

सुरुवात मी करतो. ‘रॉकी’ (१९७६) पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जीव खाऊन सुटलो. चौथ्या मिनिटाला कुशीत अशी कळ आली, की खांबाला धरून उभा राहिलो. पुढे चित्रपट पुन्हा पाहिला, तेव्हा ध्यानात आले, की फिलाडेल्फियातील कलासंग्रहालयाच्या त्या ७२ पायऱ्या पहिल्यांदा चढताना रॉकीचीही दमछाक होते आणि तोही कूस दाबून धरतो. माझ्या स्मरणात हात उंचावलेली नंतरची चढाई तेवढी उरली होती.

⁂

माझे पात्र फॉरेस्ट गम्प. १९९४च्या त्या चित्रपटात तो ३ वर्षे, २ महिने, १४ दिवस आणि १६ तास पळतो. पत्रकार त्याला थोर थोर कारणे सुचवतात, पण त्याला केवळ पळावेसे वाटलेले असते. वडील गेल्यानंतरच्या महिन्यांत, ज्याचे कारण कोणाला द्यावे लागणार नाही असे काहीतरी मला हवे होते, ते त्याच्याकडून मिळाले. त्याच्यासारखे एकही दिवस न चुकवता पळण्याच्या हट्टापायी सहाव्या आठवड्यात नडगी दुखावली, हेही नमूद करतो. दम लवकर वाढतो, हाडे आणि स्नायुबंध मागून येतात, हे तेव्हा फिजिओथेरपिस्टकडून कळले. त्याच्यासारखी दाढी मात्र विनासायास जमली.

⁂

‘रन लोला रन’ (१९९८) मधल्या लोलाकडे १,००,००० मार्क (जर्मनीचे तेव्हाचे चलन) उभे करायला २० मिनिटे असतात. मी तिची २० मिनिटे तेवढी घेतली: १ मिनिट पळायचे, २ मिनिटे चालायचे. अजून तेच चालू आहे आणि मला त्यात काही उणे वाटत नाही.

⁂

‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७) मी मुलांसोबत पाहिला. अली नावाच्या मुलाच्या हातून बहिणीचे बूट हरवतात, मग एकाच जोडीत दोघांची शाळा भागवण्यासाठी रोजची धावाधाव होते, आणि तिसऱ्या क्रमांकाला बूट मिळणार म्हणून शर्यतीत उतरलेला हा मुलगा चुकून पहिला येतो. तो जिंकूनही रडवेला का, हे धाकटीला समजावताना माझाच आवाज अडखळला. दुसऱ्या दिवशी तिनेच मला उठवले; नाडी उलटी बांधलेले बूट घालून ती दारात उभी होती. आता आम्हा तिघांच्या शर्यतीत जो तो तिसरा यायला बघतो, त्यामुळे आमचा वेग गप्पा मारता येतील इतकाच राहतो.