मदत हवी आहे: ‘प्रायमर’मधला ग्रेंजर पेटीपर्यंत पोचला कसा?

शेन कॅरुथचा ‘प्रायमर’ (2004) ज्यांनी नीट पाहिलाय त्यांच्यासाठी प्रश्न. जेमतेम 7,000 डॉलरमध्ये केलेला कालप्रवासाचा सिनेमा, पण डोक्याचा पार भुगा करतो!

पेटीचं, म्हणजे एब आणि ॲरन या दोन इंजिनिअर मित्रांनी बनवलेल्या टाइम मशीनचं, गणित मला कळलंय: आधी ती सुरू करून ठेवायची, दिवसभर हॉटेलात दडून बसायचं, मग आत शिरायचं आणि सुरू केली त्या वेळेला बाहेर पडायचं. एबने गुपचूप चालू ठेवलेली फेलसेफ पेटी (सगळं बिघडलं तर सुरुवातीला परतण्यासाठीची), ॲरनचा कानातला इअरपीस, पार्टीतला बंदूकवाला प्रसंग, हेही जुळतं.

अडतंय ते थॉमस ग्रेंजरपाशी, म्हणजे एबच्या मैत्रिणीच्या वडिलांपाशी. दाढी वाढलेला ग्रेंजर अचानक गाडीत दिसतो आणि एब जवळ गेला की कोसळतो. म्हणजे तोही पेटीतून मागे आलाय. मग त्याला पेटीबद्दल सांगितलं कोणी?

इंग्रजी सबटायटल लावून तो भाग पुन्हा पुन्हा पाहिला. नेटवरचे टाइमलाइनचे तक्तेही चाळले, पण ते एकमेकांशीच भांडतात, त्यामुळे कृपया आणखी तक्ता नको. ‘दिग्दर्शकाने मुद्दाम मोकळं सोडलंय’ हे उत्तर चालेल, मात्र ते कशावरून ते सांगा. मित्रांना दाखवून त्यावर चर्चा घ्यायची आहे, आणि हा प्रश्न पहिलाच येणार. बजेट कमी म्हणून पटकथेत भोक राहिलं, हे मात्र मला पटत नाही.

तर, एब किंवा ॲरन यांच्यापैकी एकाकडे बोट दाखवणारा एखादा संवाद किंवा दृश्य सिनेमात आहे का? असल्यास साधारण कितव्या मिनिटाला?