सोसायटीचे कॅमेरे आणि साठ हजारांची मर्यादा

सचिव: सर्व सभासदांस नमस्कार. जादा पंपाची तांब्याची केबल मागच्या बोळातून कापून नेल्याचे आपल्या लक्षात आले, तेव्हा चोरी होऊन किमान आठ दिवस उलटले होते, कारण तो पंप आपण मुख्य पंप बिघडल्यावरच सुरू करतो. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) उघडून पाहिला तर त्यात मागच्या साडेपाच दिवसांचेच चित्रण शिल्लक होते. कार्यकारिणीने नवी यंत्रणा बसवण्याचे ठरवले असून वीस सदनिकांकडून प्रत्येकी ३,००० रुपये, म्हणजे एकूण ६०,००० रुपये जमवता येतील. त्यापलीकडे जाता येणार नाही. पहिले कोटेशन सोळा कॅमेऱ्यांचे आले असून ते १,३८,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी असे आहे. रविवारच्या बैठकीआधी सर्वांनी येथे आपली मते मांडावीत आणि विषय संपेपर्यंत सुप्रभातीचे संदेश आवरते घ्यावेत, ही विनंती.

खजिनदार: जीएसटी धरून ती रक्कम १,६२,८४० रुपये होते. दुरुस्ती निधीतून उरलेले पैसे घालू, असे कोणी सुचवण्याआधीच सांगतो की गच्चीचे वॉटरप्रूफिंग पावसाळ्यापूर्वी करायचे आहे आणि त्या निधीला मी हात लावू देणार नाही.

सदनिका ४०१: मग एवढा खटाटोप कशासाठी करायचा? दोन-अडीच हजारांत चांगला वायफाय कॅमेरा मिळतो, वायरिंग लागत नाही, आणि मोबाइलवर सगळे दिसते. असे आठ कॅमेरे घेतले तरी वीस हजारांत काम होईल.

सदनिका ३०४: तुझी सूचना घराच्या दारापुरती अगदी योग्य आहे आणि माझ्या दारातही तसाच एक कॅमेरा आहे. परंतु गेटवरचा कॅमेरा कोणाच्या राउटरवर चालणार, आणि ते कुटुंब मेन स्विच बंद करून गावाला गेले तर त्या दिवसांत गेटवर कोण लक्ष ठेवणार, हे आधी ठरवावे लागेल. या किमतीचे कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, आणि आपल्या इमारतीतल्या वीस राउटरांची त्याच लहरींवर आधीच दाटी आहे. शिवाय चित्रण कॅमेऱ्यातल्याच मेमरी कार्डावर साठत असल्यामुळे चोराने कॅमेरा उचकटून नेला की पुरावाही त्याच्याच पिशवीत जातो. मागच्या बोळात तर कॅमेरा हाताला लागेल इतकाच उंच बसणार आहे.

सदनिका ४०१: काका, पटले. मग या कोटेशनमध्ये काय कमी करायचे?

सदनिका ३०४: आधी सोळा हा आकडा कुठून आला ते पाहू. आपल्या इमारतीला सोळा जागा आहेत म्हणून तो आलेला नाही, डीव्हीआर सोळा चॅनेलचा, म्हणजे सोळा कॅमेरे जोडता येतील असा, मिळतो म्हणून आला आहे. प्रत्येक मजल्याच्या जिन्यात एक कॅमेरा धरलेला आहे, पण जिन्यात यायचा रस्ता तळमजल्यावरचा एकच दरवाजा आहे. त्या दरवाजातून शिरणाऱ्याचा चेहरा एकदा नीट टिपला, तर वरच्या चार मजल्यांवर तोच माणूस पुन्हा चार वेळा पाहण्यात फारसा अर्थ नाही.

खरा प्रश्न चेहरा नीट टिपण्याचा आहे. गेटचा सध्याचा कॅमेरा चौदा फुटांवर आहे आणि त्यातून सभासदांचे भांग व टकले तेवढी स्पष्ट दिसतात. कॅमेऱ्यांसाठीच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत सोपा हिशेब दिला आहे: कोणीतरी आहे एवढे कळायला चित्रात दर मीटर रुंदीला २५ पिक्सेल पुरतात, ओळखीच्या माणसाला ओळखायला १२५ लागतात, आणि अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायला २५० लागतात. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल असते, म्हणजे चोराचा चेहरा हवा असेल तर कॅमेऱ्याने त्या ठिकाणी सुमारे साडेसात मीटरपेक्षा रुंद भाग पाहता कामा नये. भिंगाचा मिलिमीटरचा आकडा जितका लहान, तितका रुंद भाग ते पाहते; कोटेशनमध्ये सरसकट धरलेल्या २.८ मिलिमीटरच्या भिंगात तेवढी रुंदी अवघ्या तीन मीटरवर भरते, ३.६ मिलिमीटरमध्ये साडेचार मीटरच्या आसपास आणि ६ मिलिमीटरमध्ये आठ मीटरच्या आसपास. रुंद भिंगाचे चित्र विक्रेता मोबाइलवर दाखवतो तेव्हा सगळे आवार एका नजरेत येते आणि आपण खूश होतो. त्याच चित्रात गेटवरचा माणूस मात्र अंगठ्याएवढा असतो.

म्हणून माझे मत असे आहे की गेटवर दोन कॅमेरे असावेत: एक रुंद भिंगाचा, आवारातली हालचाल दाखवणारा, आणि दुसरा ६ मिलिमीटरचा, आठ फुटांच्या आतल्या उंचीवर, टोपी घातलेल्या माणसाचाही चेहरा दिसेल असा. आपले गेट पश्चिमेला असल्यामुळे संध्याकाळी आत येणारा प्रत्येक जण उन्हासमोर काळी सावली होतो, तेव्हा त्या एका कॅमेऱ्यात प्रखर उजेड आणि सावली दोन्ही सांभाळणारी खरी डब्ल्यूडीआर सोय असावी. नुसते डीडब्ल्यूडीआर (म्हणजे चित्र टिपल्यावर सॉफ्टवेअरने केलेली सारवासारव) लिहिलेले असेल तर ती सोय घेतली असे समजू नये.

सदनिका १०२: माझा वेगळाच मुद्दा आहे. तळमजल्यावरचा सध्याचा कॅमेरा थेट आमच्या दारावर रोखलेला आहे; दार उघडे असले की आमचा दिवाणखाना आणि सासूबाईंची खाट त्यात दिसते. सुरक्षेला माझा विरोध नाही, पण आमच्या घरात कोण आले-गेले, हे पाहण्याचा अधिकार सोसायटीला कोणी दिला?

सचिव: काकू, आपली तक्रार रास्त आहे आणि ती यापूर्वीच दूर व्हायला हवी होती. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. नव्या यंत्रणेत कोणाच्याही दारावर कॅमेरा रोखला जाणार नाही.

सदनिका ३०४: तांत्रिक उपायही सोपा आहे. चित्राच्या नको त्या भागावर डीव्हीआरमधूनच काळा चौकोन टाकता येतो आणि तेवढा भाग साठवलाच जात नाही. कॅमेरा बसवून झाल्यावर काकूंनी स्वतः पडद्यासमोर बसून तो चौकोन कुठे हवा ते सांगावे, मगच बिल द्यावे.

सदनिका २०३: आम्ही भाडेकरू आहोत, तरी एक विचारतो. सर्व सभासदांना थेट चित्रण मोबाइलवर मिळणार आहे का? मुलगा शाळेतून आला की नाही, ते ऑफिसातून पाहता येईल.

सचिव: व्यक्तिशः मला वाटते की तसे करू नये. वीस घरांतल्या चाळीस फोनांवर चित्रण गेले, तर आज मुलगा दिसेल आणि उद्या कोणाची मुलगी किती वाजता आली याची चर्चा याच ग्रुपवर सुरू होईल. पासवर्ड सचिव आणि खजिनदार या दोघांकडेच असावा, चित्रण हवे असेल त्याने तारीख, वेळ आणि कारण लिहून अर्ज करावा आणि त्याची नोंद वहीत राहावी, असा ठराव मी मांडणार आहे.

सदनिका ४०१: आणि तो पासवर्ड कारखान्यातून आलेला नसावा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले लाखो डीव्हीआर, कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, कारण त्यांचे मूळ पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. आपल्या जुन्या डीव्हीआरचा पासवर्ड मी आत्ताच पाहिला. तो येथे लिहीत नाही, पण तुम्ही सर्व जण पहिल्या प्रयत्नात ओळखाल.

खजिनदार: साठवणुकीचे काय? विक्रेता म्हणतो की चित्रण दाबून लहान करणाऱ्या नव्या एच.२६५ पद्धतीमुळे एक टीबीच्या डिस्कवर महिनाभराचे चित्रण सहज मावते.

सदनिका ३०४: मावते, पण कशा स्थितीत ते विचारावे. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट धरले, तर दिवसाला २१.६ जीबी लागतात. आपल्या जुन्या चार कॅमेऱ्यांना त्या हिशेबाने दिवसाला ८६.४ जीबी लागत होते आणि डिस्क होती ५०० जीबीची. पावणेसहा दिवसांत ती भरून जुने चित्रण पुसले जात होते. केबलचोर त्यातूनच निसटला. सात कॅमेऱ्यांचे महिनाभराचे चित्रण एका टीबीत कोंबायचे, तर प्रत्येक कॅमेऱ्याच्या वाट्याला सेकंदाला अर्धा मेगाबिटही येत नाही, आणि मग चालत्या माणसाच्या चेहऱ्यावर चौकोनी ठिगळे दिसू लागतात. चार टीबीची, चोवीस तास चालण्यासाठीच बनवलेली डिस्क घेतली, तर चांगल्या दर्जाचे सव्वीस दिवस मिळतात. पैसे वाचवायचे तर कॅमेऱ्यांच्या संख्येत वाचवावेत, डिस्कमध्ये नव्हे.

हालचाल झाली तरच चित्रण करण्याचा पर्यायही विक्रेता सुचवील. घराच्या आत तो चालतो. बाहेर रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि भिंगासमोर झुलणारा जाळ्याचा एक तंतू रात्रभर पांढऱ्या दोरखंडासारखा हलत राहतो. गेटच्या कॅमेऱ्याचे मागच्या आठवड्यातले चित्रण मी पाहिले, त्यात रखवालदारापेक्षा कोळीच जास्त वेळ हजर होता. देखभाल कराराची वाट न पाहता महिन्यातून एकदा काठीला कापड बांधून भिंगे पुसणे आवश्यक आहे.

सदनिका ४०२: आमच्या बंगळूरच्या घरी नेटवर्कवर चालणारे आयपी कॅमेरे आणि त्यांचे चित्रण साठवणारा एनव्हीआर आहे, चित्र फार सुरेख येते. तसे का घेऊ नये?

सदनिका ३०४: ताई, पैसे असते तर मीही तेच सुचवले असते. त्यात एकाच कॅट-सिक्स केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातात, पण स्विच आणि कॅमेरे धरून खर्च आपल्या मर्यादेबाहेर जातो. आपल्याकडे सर्वांत लांब केबल साठ मीटरही भरत नाही, तेवढ्याला डीव्हीआर आणि कोॲक्सियल केबल पुरेशी आहे.

केबल मात्र पाहून घ्यावी. दूरध्वनी खात्यात माझी तीस वर्षे केबल जोडण्यात गेली, त्यामुळे येथे थोडे विस्ताराने लिहितो. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त असतो. मीटरच्या खोलीतून निघालेले १२ व्होल्ट बोळाच्या टोकाला पोहोचेपर्यंत गळतात. दिवसा कॅमेरा चालतो, म्हणून कामगार सही घेऊन निघून जातो. रात्री इन्फ्रारेड दिवे लागताच विजेची मागणी वाढते, व्होल्टेज आणखी खाली येते आणि कॅमेरा बंद-चालू होत राहतो. आपल्या पार्किंगच्या कॅमेऱ्याला दोन वर्षे हाच आजार होता आणि आपण तीनदा कॅमेरा बदलला. तारेचे टोक चाकूने खरवडून पाहावे. आत चंदेरी रंग दिसला तर ती केबल परत करावी. तसेच यंत्रणेची अंतिम पाहणी रात्री नऊनंतरच करावी.

सचिव: कोटेशनमध्ये कॅमेऱ्याच्या नावापुढे ‘उपलब्धतेनुसार’ असे लिहिले आहे. ते चालेल का?

सदनिका ४०१: मुळीच नाही. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने ठरवलेल्या सुरक्षा निकषांवरची चाचणी आणि भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. मॉडेलचा क्रमांक आणि नोंदणी क्रमांक कोटेशनवरच लिहून घ्यावा, नाहीतर त्याआधीचा पडून राहिलेला माल आपल्या माथी येईल.

खजिनदार: वरील सर्व धरून दुसऱ्या विक्रेत्याकडून मी नवे कोटेशन मागवले, ते असे. सात कॅमेरे १३,३०० रुपये, आठ चॅनेलचा डीव्हीआर ५,५००, चार टीबीची डिस्क ११,०००, शुद्ध तांब्याच्या केबलची दोन बंडले ४,४००, वीजपुरवठा, कनेक्टर, पेट्या आणि पाइप ४,५००, यूपीएस ४,०००, मजुरी ७,०००; एकूण ४९,७०० आणि जीएसटीसह ५८,६४६ रुपये. मॉनिटर यात नाही.

सदनिका ४०१: माझा जुना मॉनिटर माळ्यावर पडून आहे, तो सोसायटीने घ्यावा.

सदनिका ३०४: सात जागा अशा असाव्यात: गेटवर वर सांगितलेले दोन, जिन्याच्या तळाच्या दरवाजावर एक, पार्किंगमध्ये एक, बोळाच्या तोंडाशी ६ मिलिमीटरचा एक, पंपाच्या खोलीच्या दारावर एक आणि गच्चीच्या दारावर एक. जिन्यातला घुमटाकार घ्यावा, बाकी सर्व नळीसारखे. उघड्यावरच्या घुमटावर पावसाचे थेंब बसले की रात्री दिव्यांचा उजेड त्यावरून परतून चित्र धुरकट होते. आठवा चॅनेल रिकामा राहू द्यावा.

आणखी एक गोष्ट, जिला एक पैसाही लागत नाही. गेल्या वर्षी स्कूटरला धक्का देऊन पळालेल्याचे चित्रण शोधताना डीव्हीआरचे घड्याळ ४७ मिनिटे मागे असल्याचे आपल्याला शेवटी कळले, आणि तोवर ज्या माणसावर आपण सर्वांनी संशय घेतला होता तो गॅस सिलिंडर देणारा निघाला. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल अशी मांडणी पहिल्याच दिवशी करून घ्यावी. उद्या प्रकरण न्यायालयात गेले, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार चित्रणासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. चुकीच्या वेळेच्या चित्रणाखाली सही करण्याची पाळी सचिवांवर येऊ नये.

सदनिका १०२: पंपाच्या खोलीच्या दारावरचा कॅमेरा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून तर नाही ना बसणार?

सदनिका ३०४: काकू, तो खिडकीच्या वरच्या छज्जाला लावून दाराकडे वळवता येईल, म्हणजे खिडकी त्याच्या पाठीमागे राहील. रविवारी सकाळी प्रत्यक्ष उभे राहून ठरवू.

सचिव: ठीक आहे. रविवारी सकाळी साडेनऊला बैठक आवारातच घेऊ. ४०१ ने मोबाइलचा कॅमेरा त्या-त्या उंचीवर धरून दाखवावा, बाकीच्यांनी गेटमधून आत चालत यावे आणि चेहरा ओळखू येतो का ते पडताळावे. शिडी २०१ मध्ये आहे, ती शनिवारी रात्रीच खाली आणून ठेवावी.

सदनिका २०१: शिडी आमच्याकडे नाही. ती दिवाळीपासून गच्चीवर आहे.