अक्षरांतर म्हणजे नक्की काय?

उंबरठा: दारावरच्या दगडी पट्टीवर 'विद्या विनयेन शोभते' कोरून घ्यायचंय. सूचना लिहून दिल्या, त्यात 'अक्षरांतर नजरेने ठरवावे, फूटपट्टीने नव्हे' असं एक वाक्य. कोरणाऱ्यांचा फोन आला, "कुठल्या लिपीत अक्षरांतर करायचं?" भाषांतर, लिप्यंतर, तसं अक्षरांतर! त्यांना दोष तरी कसा द्यायचा? मला म्हणायचं होतं अक्षरांमधलं अंतर. ते जुळवणं म्हणजे 'कर्निंग', त्याला मराठीत काय म्हणता?

बोरूबहाद्दर: 'अक्षरांमधली जागा'. झालं. प्रत्येक गोष्टीला जोडशब्द हवाच का?

जुळारी: जागा सगळीकडे सारखी वाढवणं वेगळं, एखादीच जोडी खटकते म्हणून तेवढीच जवळ ओढणं वेगळं. कर्निंग हे दुसरं. छापखान्यातल्या धातूच्या अक्षराच्या ठशाच्या, म्हणजे खिळ्याच्या, अंगाबाहेर डोकावणारा अक्षराचा भाग, त्याला मुळात 'कर्न' म्हणत. वडील खिळे जुळवायचे. त्यांच्या तोंडी 'अक्षर बसलं' नाहीतर 'सुटलं', एवढंच.

शुद्धमती: परका शब्द कशाला? 'पैस' आहे की आपला जुना. अक्षरपैस!

बोरूबहाद्दर: ऐसपैसमधला ना तो? मग अक्षरं हातहातभर लांब बसतील.

तिरपागडे: 'गाळा' घ्या. 'गाळलेल्या जागा भरा' मधलाच असणार.

शुद्धमती: गाळलेली म्हणजे वगळलेली. 'असणार' ही व्युत्पत्ती नव्हे.

जुळारी: शब्द सापडेल तेव्हा सापडेल, आधी 'शोभते' सांभाळा. 'भ'ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. शब्दांमधली जागा कमी पडली तर दुरून 'विनयेन शो भते' असं वाचलं जाईल. आणि कोरणाऱ्याने ती फट बुजवून रेषा सलग ओढली, तर 'शोमते'! शिवाय वर वेलांट्या-मात्रा पाच ठिकाणी आहेत, खाली उकार एकही नाही. उंची मात्रांसकट मोजा, नाहीतर वेलांटी पट्टीच्या कडेला टेकते. दार खालून बघतात, अक्षरं बसकी दिसतात, म्हणून किंचित उभट काढलेली बरी.

शुद्धमती: शिरोरेषा नाही, शिरोरेखा.

बोरूबहाद्दर: आम्ही शाळेपासून रेषाच ओढतोय.

तिरपागडे: 'श' कुठला घेताय, देठाचा की गाठीचा? महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये देठाचा प्रमाण ठरवलाय.

बोरूबहाद्दर: तो नियम सरकारी कागदाला. माझ्या दारावर मी गाठ मारीन.

शुद्धमती: म्हणूनच लिपीची ही दशा.

जुळारी: दगडात गाठ बारीक कोरली की धूळ बसून भरते. देठाचाच घ्या, शासन म्हणतं म्हणून नव्हे.

उंबरठा: मंडळी, कागदावर खऱ्या मापात काढून भिंतीला लावलं, उलटं धरूनही पाहिलं. वाचता येत नाही, त्यामुळे नुसत्या पांढऱ्या फटी दिसतात. 'न' आणि 'ये' फारच सुटलेत. सूचनेत आता 'अक्षरं नजरेने बसवा' असं लिहिलंय. पुन्हा फोन आलाय, "कुणाच्या नजरेने?"

शुद्धमती: 'अक्षरे'. सूचना लेखी आहे ना?